एका माणसाभोवती किती जण

परीक्षेचा मोसम आमच्या भागात सगळ्यात आधी झेरॉक्सच्या दुकानावर उतरतो. सिडकोतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असं एक दुकान आहे. एरवी दुकानदार पंख्याखाली पेंगत असतो, पण एप्रिल सरत आला की त्याच्यासमोर पोरापोरींची रांग लागते. हॉल तिकिटाच्या प्रती, ओळखपत्राच्या प्रती, पासपोर्ट फोटो, काळ्या शाईची पेनं. मला आता कुठलीच परीक्षा द्यायची नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांच्या बाजूला जाऊनही मला बरीच वर्षं झाली. तरी भाजीची पिशवी घेऊन त्या रांगेजवळून जाताना माझी पावलं भरभर पडतातच. यंदाही पडली.

माझा स्वभावच काळजीचा. गॅस बंद केलाय का ते बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येते, आणि पुन्हा निघाल्यावर कुलूप लावलं का ते बघायला जिना चढते. माझा नवरा म्हणतो, तुला काळजी करायला कारण लागत नाही, जागा लागते. पण काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात माझ्याकडे कारण होतं. माझी धाकटी बहीण मीनल परीक्षेच्या फाटकातून आत जाईल की नाही, एवढं एकच कारण.

मीनल स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती आणि त्यासाठी आमच्याकडे राहायची. आई-बाबा अजिंठ्याला. तिथं थोडी शेती आणि खतांचं छोटं दुकान. आदल्या वर्षी ती पहिल्यांदा परीक्षेला बसणार म्हणून मामासकट सगळं घर केंद्रावर लोटलं होतं. केंद्राच्या फाटकाशी हजारभर पोरं तरी असतील. कुणी जमिनीवर बसून शेवटची पानं चाळत होतं, कुणी चपला काढून ठेवत होतं, पोलीस मावशी एकेकीचे कानातले काढायला लावत होती. मीनल हॉल तिकीट घेऊन फाटकापर्यंत गेली, तिथं क्षणभर थांबली, आणि माघारी फिरली. आमच्याजवळ येऊन म्हणाली, "मला नाय जायचं." मग रडलीही नाही. रिक्षात बसून राहिली.

एवढी गर्दी बघून पोर घाबरली, असं सगळ्यांनी ठरवलं. सगळ्यांत मीही आले. त्यानंतर वर्षभर आम्ही मीनलला गर्दीपासून जपलं. लग्नाला नेलं नाही. दिवाळीच्या आधी गुलमंडीत खरेदीला निघालो तर तिला घरी ठेवलं. ती एकूण कमीच बोलायची, आणि आम्ही तिच्या वाटचंही बोलायचो.

ती मोकळी व्हायची ती फक्त आमच्या खेळात. हा खेळ नवख्या माणसाला समजावून सांगताना मी नेहमी अडखळते, कारण त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत, आणि कुणी जिंकतही नाही. चारजण जमिनीवर बसून एक गोष्ट रचतात. तिघांकडे एकेक पात्र असतं. चौथी मी. उरलेलं सगळं जग माझ्याकडे, म्हणजे राक्षस, पाऊस, धर्मशाळेचा मालक, सगळं. कुणी म्हणालं "मी बाण मारते", तर बाण लागला की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. समोरचा जितका चपळ तितका मोठा आकडा पडावा लागतो. बस, एवढंच.

आमच्यात एक इरफान होता. गुलमंडीजवळ त्याच्या घरचं बटणं, लेस, अस्तर विकायचं दुकान. आमच्या राक्षसांची सोय त्याच्यामुळे झाली. शर्टाची पांढरी बटणं म्हणजे किरकोळ शत्रू, कोटाची मोठी तपकिरी बटणं म्हणजे अंगानं दांडगे. दुसरा विठ्ठल, माझ्या नवऱ्याच्या कंपनीतला इंजिनीअर, मूळचा पाचोडचा. तो मांत्रिक व्हायचा आणि मंत्र टाकायचं सोडून सारखा वाद घालायचा. मीनलचं पात्र होतं रेवा. धनुष्य चालवणारी, तोंडाळ, कुणाचं ऐकून न घेणारी. रेवा बोलायला लागली की मला वाटायचं, ही पोरगी आमच्या घरात दोन वर्षं राहतेय आणि मी हिला आज भेटतेय.

शत्रू एकदोन असले की हिशेब सोपा असतो. ते तीस झाले की एका फेरीला अर्धा तास जातो. म्हणून मी आमच्यापुरता एक गर्दीचा नियम केला होता. शत्रू घोळक्यानं असतील तर दर पाच डोक्यांमागं लागणारा आकडा एकानं कमी. एकट्या चपळ शत्रूला बाण लागायला चौदा पडावे लागत असतील, तर तीस जणांच्या घोळक्यात आठ पडले तरी पुरे. एवढ्या दाटीत बाण कुणाला ना कुणाला लागणारच. शत्रू मरत गेले की आकडा पुन्हा वर चढायचा, आणि शेवटी उरलेल्या एकट्याला मारायला पुन्हा चौदाच. इरफानला हे फार पटायचं; मला तो बाजी, म्हणजे ताई, म्हणायचा. "सही है बाजी. भीड में निशाना क्या लगाना, आँख मूँद के मारो."

त्या वर्षी मे महिन्यात परीक्षेला आठवडा राहिला असताना मी एक मोठी चूक केली. गोष्ट अशा जागी आणली की किल्ल्याचं दार मध्येच पडलं, विठ्ठल आणि इरफान बाहेर राहिले आणि रेवा एकटी आतल्या चौकात सापडली. समोर तीस खुजे. आखूड पायांचे, हातात सुरे असलेले ते लोक. मी मूठभर पांढरी बटणं सतरंजीवर ओतली, आणि ओतताना मीनलच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला तेव्हा कळलं की मी काय केलंय. जिला वर्षभर गर्दीपासून जपलं, तिला मी माझ्या हातानं गर्दीत उभं केलं होतं.

आता हिशेब बघा. रेवा दहा घाव सोसू शकत होती, अकराव्याला ती संपणार. दार फोडायला बाहेरच्यांना सहा फेऱ्या लागणार. एकेक खुजा अगदी लिंबूटिंबू, त्याला रेवाला लागायचं तर अठरा, एकोणीस किंवा वीस पडायला हवेत, म्हणजे विसातल्या तीन बाजू. एकट्या खुज्याला कुणी भीक घातली नसती. पण फासे टाकणारे तीस असले की दर फेरीला चारपाच घाव बसणारच. म्हणजे तिसऱ्या फेरीत रेवा गेली. हे गणित माझ्या डोक्यात बटणं जमिनीवर पडेपर्यंत होऊन गेलं. गणित मला भीतीच्या वेगानं येतं.

या गणितानं मी आजही घाबरते. वर्गात संभाव्यता शिकवायला घेतली की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, मग आमचा नंबर लागण्याची शक्यता किती?" सगळे हसतात. मी फळ्याकडे वळते. इतक्या जागा, इतके अर्ज, भागाकार सोपा आहे. पण तो भागाकार बाण मारणाऱ्याच्या बाजूचा आहे. त्याला खात्रीनं सांगता येतं की बाण कुणाला तरी लागणार. बटणाला काहीच सांगता येत नाही. शेजारच्याला लागला तर आपण वाचलो की हुकलो, हेही त्याला ठरवता येत नाही. हे सगळं मी पोरांना सांगत नाही. अठरा वर्षांच्या पोरांना असलं काही सांगू नये. मी म्हणते, पुढचं उदाहरण घ्या.

त्या दिवशी सतरंजीवर पहिली फेरी सुरू व्हायच्या आतच खालून आरोळी आली, "पाणी आलं!" आमच्या शहरात आठ-दहा दिवसांनी नळाला पाणी येणं म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. तीस खुजे जागच्या जागी थांबले, रेवा थांबली, आणि आम्ही चौघं बादल्या, पिंप, पातेली घेऊन धावलो. पाणी भरता भरता मी स्वतःशी ठरवत होते की दार लवकर फुटलं असं सांगू. नाहीतर खुज्यांना रेवाची दया आली म्हणू. काहीतरी करू. पण रेवाला कुणी दया दाखवलेली चालत नाही, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमच्या गच्चीवर कुरडया घालायचं चालू होतं. उन्हाच्या आत आटपायचं म्हणून इमारतीतल्या बायका पहाटेच वर आल्या होत्या. मोठ्या पातेल्यात गव्हाचा चीक शिजत होता, प्लास्टिकच्या कागदावर पांढरी वेटोळी पडत होती. मी आणि मीनल मदतीला. नऊच्या सुमाराला विठ्ठल आणि इरफान आले, ते त्या अडकलेल्या लढाईचं भांडण घेऊनच. विठ्ठलला रेवा मरायला नको होती, पण नियम मोडलेलाही नको होता.

तो गच्चीच्या कठड्याला टेकून म्हणाला, "ताई, तीस म्हंजे लई झाले. येवढे जण रेवाला एकदम मारणार कसे?"

"घोळका आहे ना," मी म्हणाले. "ती घोळक्यात सापडलीय."

तेव्हा मीनल बोलली. तिच्या दोन्ही हातांना चीक लागला होता. म्हणाली, "ताई, पण माझ्यापर्यंत पोचतील किती?"

प्रश्न साधा होता, आणि तो मला सुचला नव्हता. माझ्या गर्दीच्या नियमात बाण मारणाऱ्याचा विचार होता. मध्ये उभ्या असलेल्या माणसाचा नव्हता. एका माणसाभोवती हात पोचेल इतक्या जवळ किती जण उभे राहू शकतात? मी कागद शोधायला लागले. वर्तुळ काढावं, खांद्याची रुंदी धरावी, परीघ काढावा. इरफान म्हणाला, "बाजी, कागज कायको? इतने लोगां खड़े हैं ना."

आणि मग ते झालं. आमच्या इमारतीतल्या बायकांना इरफाननं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण त्या हसत उठल्या. कुणाच्या हातात लाटणं, कुणाच्या हातात झारा, शिंदे वहिनींच्या हातात चीक ढवळायचा लाकडी दांडा. सोनवणे मावशींनी विचारलं, "काय करायचं म्हन्ता?"

"हिला मारायचं," विठ्ठल गंभीरपणे म्हणाला. "पन लागू द्यायचं नाय."

"आग बाई!" म्हणत सगळ्या मीनलभोवती गोळा झाल्या.

मला हे थांबवावं असं वाटत होतं. तिच्याभोवती माणसांचं कडं होत होतं आणि ती मध्ये, चीक लागलेले हात अंगापासून लांब धरून उभी. आता ही ओरडेल, आता खाली बसेल, असं मला वाटत राहिलं. सहाजणी ऐसपैस उभ्या राहिल्या. सातवी अंग चोरून शिरली. आठवीनं दोघींच्या मधून हात काढला आणि तिचा झारा शेजारणीच्या कोपराला लागला, त्यावरून तिथंच थोडी बाचाबाची झाली. नवव्या ढगे काकू. त्यांना जागाच मिळेना. त्या उलथनं घेऊन कड्याच्या बाहेरून गोल गोल फिरत होत्या.

"अगं सरका की जरा! मला कुठून बी शिरायला जागा नाय! मी काय नुसती वरडू का?"

"वरडा काकू," विठ्ठल म्हणाला. "वरडनाऱ्याला फासा नाय."

गच्चीवर हसण्याचा स्फोट झाला. ढगे काकू खरंच ओरडायला लागल्या, त्यांच्यामागच्या दोघीही ओरडायला लागल्या. खालच्या मजल्यावरचं कुणीतरी काय झालं म्हणून वर आलं. मीनल मात्र हसता हसता थांबली होती. ती जागच्या जागी हळूहळू वळत होती आणि भोवतीचा एकेक चेहरा बघत होती. पूर्ण फिरून झाल्यावर मला म्हणाली, "येवढेच गं ताई. बाकीचे नुसते उभे."

नियम तिथंच बदलला. एका वेळी आठ फासे, जास्त नाही. त्या दुपारी आम्ही सतरंजीवर पुन्हा बटणं मांडली. रेवाभोवती आठ बटणं जवळ सरकवली आणि बाकीची मागं तशीच ठेवली. आठ फाशांत दर फेरीला एखादाच घाव, कधी दोन. रेवाचे बाणही आधी त्या आठांनाच लागत होते. एक पडला की मागून दुसरा सरकायचा, पण आठाचे नऊ होत नव्हते. सहाव्या फेरीला दार फुटलं तेव्हा रेवा अंगावर नऊ घाव घेऊन उभी होती. इरफान टाळ्या वाजवत होता. मी मात्र घामानं भिजले होते, आणि कूलरला दोष देत होते.

संध्याकाळी कुरडया उलटायला आम्ही दोघी गच्चीवर गेलो. ऊन उतरलं होतं तरी फरशी पायाला चटके देत होती. मीनल पाठमोरी बसून काम करत होती. न वळताच म्हणाली, "ताई, येत्या रविवारी तू येऊ नको."

"कुठं?"

"परीक्षेला. फाटकापाशी. तू नको, भाऊजी नको. आईबाबा नको. मामा तर अजिबात नको."

मी म्हणाले, "अगं, एवढ्या गर्दीत तुला एकटीला..."

"मला गर्दीची भीती नाय वाटत गं." आता ती वळली. "गर्दी लांब असती. तिला माझं नाव बी ठाऊक नसतं. मागच्या वर्षी फाटकापाशी मी मागं वळून बघितलं, तर तुम्ही सगळे उभे होता. आईच्या हातात दह्याची वाटी, बाबा शांत डोक्यानं लिही म्हणत होते, मामा जागा कमी हायेत म्हणत होते, आणि तू सोपे प्रश्न आधी, सोपे प्रश्न आधी. मला वाटलं, पेपर वाईट गेला तर मी बाहेर येऊन ह्यांच्यात जायचं. मला तेवढं जमंना."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. वर्षभर आम्ही जपलं ते काय होतं मग? पण ती माझ्यावर रुसलेली नव्हती. मांडीवरचा कुरडयांचा चुरा झटकत होती.

"तुम्हीच पोचता माझ्यापर्यंत," ती म्हणाली. "बाकी कुणी नाय."

ती परीक्षा मीनल पास झाली नाही, हे इथंच सांगून टाकते. पुढं दुसऱ्याच एका परीक्षेतून तिला नोकरी लागली आणि आता ती परभणीला असते. मी तिला दिवसाआड फोन करते. फोन लावण्याआधी थोडं थांबते आणि आज विचारण्यासारखं खरंच काही आहे का, ते बघते. बहुतेक वेळा नसतं. तरी लावते, पण मग पावसाचं बोलते.

फाटकापाशी येऊ नका, हे आई-बाबांना सांगायचं काम माझ्यावर आलं. ते शनिवारीच एसटीनं येऊन पोचले होते, सोबत दही लावायला घरचं दूध. मी आईला सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "आमी लांबून बघितलं तर? समोरच्या फुटपाथवरून?" मी नाही म्हणाले. "मग हॉटेलात बसतो चहा पीत." बाबा म्हणाले, "राहू दे. पोरगी म्हनती तर राहू दे." आणि लगेच मला बाजूला घेऊन विचारलं, "पन रिक्षावाला नीट असंल ना?"

रविवारी सकाळी मीनलनं फ्रीज उघडून आपल्या हातानं चमचाभर दही खाल्लं, सगळ्यांच्या पाया पडली आणि जिना उतरली. आम्ही खिडकीतही गेलो नाही. तसं ठरलंच होतं.

त्यानंतरचे तास मला अजून अंगावर येतात. फाटक बंद व्हायची वेळ ठरलेली होती. ती आत गेली नसेल तर त्यानंतर अर्ध्या तासात घरी यायला हवी होती. तिचा फोन आमच्याच टेबलावर पडलेला, आत नेता येत नाही म्हणून. कळायचा दुसरा रस्ता नव्हता. आम्ही चौघं दाराकडे तोंड करून बसलो होतो. नवरा उगाच पंख्याचं बटण चालूबंद करत होता. बाबांनी पेपर उघडला होता आणि पान उलटत नव्हते. आई देवाचं नाव घेत असावी, तिचे ओठ हलत होते. खाली रिक्षा थांबली की चौघंही कान टवकारायचो. जिन्यावर पावलं वाजायची, वरच्या मजल्यावर निघून जायची. एकदा बेल वाजली तेव्हा आई उठून उभीच राहिली. कुरिअरवाला होता, शेजाऱ्यांचं पार्सल घेऊन. मी त्याच्यावर खेकसले, बिचाऱ्यावर.

अर्धा तास गेला. मग तास गेला. बाबांनी पान उलटलं.

ती दुपारी आली. उन्हानं चेहरा लाल, ओढणी डोक्याला गुंडाळलेली. तोंड धुतलं आणि ताटावर बसली. आईनं भाकरी वाढली, शेवग्याच्या शेंगांची आमटी वाढली, आणि भिंतीकडे बघायला लागली. मी पाण्याचा तांब्या भरून आणला, मग भरलेला होता तरी दुसरा भरून आणला. मामाचा फोन आला. बाबांनी तो न उचलताच बंद केला. पंख्याचा आवाज आणि तिच्या चावण्याचा आवाज, दुसरं काही नाही. आम्ही सगळे इतके शहाण्यासारखे वागत होतो की आमचं आम्हालाच ओझं झालं होतं.

अर्धी भाकरी संपवून तिनं मान वर केली.

"काय वो," ती म्हणाली, "कुनीच विचारनार नाय का, पेपर कसा गेला म्हनून?"

आई, बाबा, माझा नवरा आणि मी, चौघंही एकाच वेळी बोलायला लागलो. मीनलनं आमटीचा हात वर केला.

"एकेकानं," ती म्हणाली. "आधी आई."